नऊ पूर्णांक चार

मे महिना. पारा सेहेचाळीसवर.
आमच्या घरात एकच एसी,
आणि तो पुस्तकांच्या खोलीत आहे.
माणसांना कूलर.
कूलरची ओल कागदाला चालत नाही
हे मी शोभाला बावीस वर्षं समजावतो आहे.

आज पार्सल आलं.
कस्टमवाल्यांनी एक कोपरा फाडून पुन्हा चिकटवलेला.
खोक्यात फोम, फोममध्ये कडक पारदर्शक डबी,
आणि डबीत तो:
पिवळे हातमोजे, छातीवर वीज,
पायाखाली जळतं शहर, किंमत बारा सेंट.
वरच्या पट्टीवर आकडा, नऊ पूर्णांक चार.
पानं पांढुरकी ते पांढरी.
पिना मूळच्या, गंज नाही.
दुरुस्ती काही नाही.
माझ्या कुठल्याच मेडिकल रिपोर्टात
इतक्या चांगल्या ओळी नाहीत.

"आता वाचा," शोभा म्हणाली.
वाचता येत नाही. सीलबंद असते.
डबी फोडली की आकडा गेला.
"वाचता येत नाही त मंग काय, पूजा करता का याची?"

अजनीच्या रेल्वे कॉलनीतले गार्ड बॅक्स्टर
ऑस्ट्रेलियाला निघाले तेव्हा
ट्रंकभर कागद रद्दीत गेले.
बाबांनी त्यातले सात अंक सव्वा रुपयाला उचलले,
पोरांना इंग्रजी येईल म्हणून.
इंग्रजी आलं नाही.
कुसुमताई सहावीत, मी तिसरीत.
ती चित्रावर बोट ठेवून सांगायची
आणि फुग्यांतली सगळी भाषणं
आपोआप नागपुरी व्हायची:
"काहून बे, कुठं पळतो?"
"थांब, तुले दाखवतो."

या अंकाला शेवटचं पान नव्हतं.
हातमोजेवाला पुलावरून पडत होता,
पडतच होता,
आणि पुढे नुसत्या दोन पिना.

मग ताईनं शेवट सांगितला.
तो आपल्या पाण्याच्या टाकीवर पडला.
टाकी वाकली, तो वाचला.
त्या एप्रिलात दोन दिवस नळ का आले नाहीत
हे अख्ख्या वर्गात फक्त मला माहीत होतं.
पुढे त्या अंकाची वह्यांना कव्हरं झाली.

कोराडीला टर्बाइनच्या आवाजात
एकतीस वर्षं काढली.
फंडाच्या पैशातून लोक बेसा रोडला प्लॉट घेतात.
मी हा घेतला.
पूर्ण, शेवटच्या पानासकट.
अमेरिकेत कोणीतरी हात धुऊन
ती पानं एकेक मोजली असतील.
शेवट त्याच्या डोळ्यांखालून गेला असेल,
पट्टीवर मात्र त्याबद्दल चकार शब्द नाही.

मुलगा म्हणतो, बाबा, मोबाइलवर दोन मिनिटांत सापडेल.
सापडेल.
राहू दे म्हटलं.

रात्री वर्ध्याला फोन लावला.
"कोणता रे हातमोजेवाला?"
मग बराच वेळ तिकडच्या पंख्याची घरघर.
"हां, तो. त्याचं शेवटचं पान मीच फाडलं होतं, बाप्पा."
काहून?
"तुले दाखवण्यासारखं नव्हतं."
काय होतं त्यात?
"आता कुठं आठवते.
पण टाकी मी खूप विचार करून सांगितली होती."

पुस्तकांच्या खोलीत चोवीस डिग्री.
डबी हातात घेऊन उभा आहे.
प्लास्टिकवर माझंच तोंड, त्याच्यामागे तो.
त्याला अजून माहीत नाही.
खणातून स्क्रूड्रायव्हर काढला,
कूलरचा पाय ढिला झाला होता तो आवळला,
आणि परत खणात ठेवला नाही.

ताई शनिवारी येते म्हणाली.
चष्मा आठवणीनं आण म्हटलं, जवळचा.